इंग्रजी ‘नीट’, आपले ‘नीट’ आणि भाषांतरातली अडचण

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मी सांगलीत राहून इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे करते. माहितीपत्रके, निविदांचे मसुदे, बाटल्यांवरच्या सूचना, मुलांसाठीच्या गोष्टी असे जे येईल ते काम घ्यावे लागत असल्यामुळे सोयीचा मजकूर निवडण्याची मुभा मला नसते. गेल्या महिन्यात एन-ई-ए-टी या चार अक्षरांच्या एका साध्या इंग्रजी शब्दाने, म्हणजे ‘नीट’ने, मला चार मजकुरांत मिळून पाच वेळा अडवले. त्यांपैकी एका ठिकाणी माझ्या हातून गंभीर चूक होता होता राहिली, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

पहिला मजकूर गोष्टीचा होता. आजीची खोली ‘नीट’ होती असे त्यात होते. तिथे ‘नीटनेटकी’ असे लिहून मी पुढे गेले. त्याच गोष्टीच्या शेवटी एक अमेरिकन मुलगा काजवे पाहून नुसतेच ‘नीट!’ असे ओरडतो. तिथे तो शब्द कामाला येईना. दुसरा मजकूर गोठा धुण्याच्या जंतुनाशकाच्या बाटलीवरचा होता. त्यातल्या सूचनेचे मी पहिल्या खर्ड्यात ‘हे द्रावण जनावराच्या अंगावर नीट लावू नये’ असे भाषांतर केले. वाक्य विचित्र वाटले, तेव्हा मूळ छपाईतच ‘नये’ चुकून पडले असावे असे समजून मी ‘नीट लावावे’ अशी दुरुस्ती करण्याच्या बेतात होते. रात्री पुन्हा वाचताना लक्षात आले की मूळ सूचना पाणी न घालता, आहे तसे तीव्र द्रावण लावू नये, अशी होती. माझी दुरुस्ती छापली गेली असती तर एखाद्या गाईची कातडी भाजली असती. तिसरा मजकूर निविदेचा. त्यात ‘नीट सिमेंट’ होते. चौथा चामड्याच्या वस्तूंची निगा कशी राखावी यावरचा. त्यात ‘नीट्सफूट’ नावाचे तेल होते.

माझे प्रश्न तीन आहेत. हा एकच शब्द आहे की अनेक? आपला ‘नीट’ हा इंग्रजीतूनच आला, असे माझे एक सहकारी ठामपणे सांगतात. ते खरे आहे का? आणि यांतले निदान तीन-चार अर्थ पेलणारा एखादा मराठी शब्द आहे का?

अजिंक्यतारा, सातारा

ताई, मी शाळेत आयुष्यभर इंग्रजी आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवले आणि हा शब्द मुलांना शिकवताना दर वर्षी थोडा थांबत असे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या पाच उदाहरणांत दोन निराळे शब्द आहेत. चामड्याच्या तेलातला ‘नीट’ मूळचा इंग्रजी असून त्याचा अर्थ गुरे, ढोरे असा आहे. टापटिपीशी त्याचा संबंध नाही. उरलेले चारही एका कुळातले आहेत. लॅटिनमध्ये ‘नितेरे’ म्हणजे चकाकणे आणि त्यावरून झालेला ‘नितिदुस’ म्हणजे चकचकीत, तुकतुकीत. हा शब्द फ्रेंचमध्ये झिजून ‘नेत’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ ‘स्वच्छ, निर्मळ’ असा स्थिरावला. इंग्रजीने तो फ्रेंचकडून एकदा नव्हे तर दोनदा घेतला. एकदा घेतला तो ‘नेट’ या रूपात, जो आज आपण प्रत्येक पुडक्यावर ‘नेट वेट’ म्हणून वाचतो. आणि पुढे सोळाव्या शतकात घेतला तो ‘नीट’ या रूपात. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचे वजन आणि आजीची खोली यांचे मूळ एकच आहे. इटालियन भाषेत तर ‘नेत्तो’ हा एकच शब्द आजही ‘स्वच्छ’ आणि ‘वजावट करून उरलेले’ अशा दोन्ही अर्थांनी चालतो.

आता अर्थ कसा सरकत गेला ते पाहा. जे चकाकते त्यावर धूळ नसते. धूळ नाही म्हणजे परके काही मिसळलेले नाही. पाणी न घातलेले मद्य, पाणी न घातलेले जंतुनाशक आणि वाळू न घातलेले सिमेंट हे तिन्ही इथे येऊन बसतात. सगळे जास्तीचे काढून टाकले की उरते ती मोजकी, आटोपशीर गोष्ट; म्हणून कमी शब्दांत बरोबर बसणाऱ्या उत्तरालाही इंग्रज माणूस ‘नीट’ म्हणतो, आणि तिथे आपण ‘चपखल’ किंवा ‘बेतशीर’ म्हणू. अमेरिकन मुलाचा उद्गार ही विसाव्या शतकातली बोली आहे. तिच्यात मूळ अर्थ जवळजवळ पुसला गेला असून केवळ पसंती उरली आहे, तेव्हा तिथे ‘कसलं भारी!’ असे खुशाल लिहावे.

हा अर्थाचा प्रवास परका वाटू नये, कारण आपल्याकडे तो जसाच्या तसा झालेला आहे. पावसाळ्यात कृष्णेचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले की गाळ खाली बसतो आणि पाणी ‘निवळते’. गाळ लवकर बसावा म्हणून पूर्वी घागरीला आतून जी बी घासत असत तिचे नावच ‘निवळी’. त्या ‘निवळ’चे ठसठशीत रूप म्हणजे ‘निव्वळ’. तुमच्या सांगलीच्या हळद बाजारात पोत्याचे बारदान वजा करून जे राहते ते ‘निव्वळ वजन’, आणि खर्च वजा जाता हाती राहतो तो ‘निव्वळ नफा’. गाळ गेलेले पाणी ते वजावट होऊन उरलेला आकडा, ही जी वाट लॅटिनचा शब्द इंग्रजीपर्यंत चालला तीच आपला शब्द आपल्या घागरीपासून आपल्या वखारीपर्यंत चालला आहे. कोणी कोणाकडून घेतले नाही आणि तरीही दोघे एकाच मुक्कामी पोचले, हे मला फार मोलाचे वाटते.

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा आमच्या सज्जनगडाच्या परिसरातच आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे हे सांगताना समर्थ लिहितात, ‘अक्षरमात्र तितुकें नीट । नेमस्त पैस काने नीट । आडव्या मात्रा त्या हि नीट’. सतराव्या शतकातल्या या एका ओवीत ‘नीट’ तीन वेळा आला आहे. त्याचा सोबती ‘नेटका’ही दासबोधात आहेच, ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ हे चरण कोणाला ठाऊक नाही?

त्या ओवीतला अर्थ बारकाईने पाहा. काने नीट म्हणजे काने सरळ. आपल्या ‘नीट’चा गाभा चकाकी नसून सरळपणा आहे. सातारा भागात वाट विचारणाऱ्याला आजही ‘इथून नीट जावा’ असे सांगतात, तेव्हा त्याने टापटिपीने चालावे असा कोणाचा आग्रह नसतो. वळू नये, एवढेच सांगायचे असते. सरळ म्हणून बरोबर, बरोबर म्हणून काळजीपूर्वक, आणि वाकडे झालेले पुन्हा सरळ करणे म्हणजे दुरुस्ती, असा आपला शब्द वाढला. म्हणून ‘नीट ऐक’, ‘घड्याळ नीट केले’ ही वाक्ये मराठीत सहज होतात आणि इंग्रजी ‘नीट’ने ती होत नाहीत. उलट भेसळ नसण्याचा अर्थ आपल्या ‘नीट’ला कधी चिकटलाच नाही. नेमक्या त्याच भेदावर तुमची गाय बचावली.

प्रीतिसंगम, कराड

सरांचे उत्तर वाचून समाधान झाले. मी बांधकामावर काम करणारा अभियंता आहे, म्हणून फक्त निविदेपुरते लिहितो. मात्र ते थोडे तपशिलाने लिहितो, कारण या शब्दापायी झालेले भांडण मी स्वतः सोडवले आहे.

सरकारी दरसूचींत गिलाव्याच्या कलमाला ‘फ्लोटिंग कोट ऑफ नीट सिमेंट’ असे शेपूट असते. त्याचा अर्थ असा की सिमेंट-वाळूचा गिलावा ओला असतानाच त्यावर केवळ सिमेंट आणि पाणी यांचा पातळ थर देऊन तो घोटायचा. वाळू नसल्याने पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पाणी कमी मुरते, म्हणून पाण्याच्या टाक्यांना आतून असा थर देतात. परंतु हाच थर जाड दिला तर बिघडतो. सिमेंट सुकताना आकसते आणि त्या आकसण्याला वाळूचे दाणेच आवर घालतात. ते नसले की भिंतीवर केसासारख्या चिरा पडतात. थर पातळच का, आणि पुढे पाणी मारणे चुकवायचे का नाही, ते यावरून कळेल.

एका इमारतीच्या कामात त्या कलमाचे कोणीतरी केलेले मराठी भाषांतर ‘सिमेंटचा नीटनेटका थर’ असे होते. ठेकेदाराने नेहमीचाच गिलावा सफाईने ओढून दिला आणि नीटनेटका थर दिला आहे, असे म्हणणे मांडले. तो खोटे बोलत नव्हता. जे लिहिले होते ते त्याने केले होते. शेवटी टाकीचे आतले काम पुन्हा करावे लागले. त्यानंतर मी तरी ‘वाळूविरहित सिमेंटचा घोटीव थर’ असेच लिहितो. कामावरचे गवंडीही ‘घोटणे’ हेच क्रियापद वापरतात, त्यामुळे समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक ठिकाण सांगून ठेवतो, कारण ते आज ना उद्या तुमच्यापुढे येईल. खोदाईच्या आराखड्यात ‘नीट लाइन’ असते. ती म्हणजे आराखड्यात ठरवलेली कडेची रेषा. कंत्राटात मोजमाप त्या रेषेपर्यंतच धरण्याचे ठरले असेल, तर खडक जास्त फुटला म्हणून त्या जादा खोदाईचे पैसे मिळत नाहीत. इथेही जास्तीचे वगळून उरलेले, हाच अर्थ आहे. छापील नकाशाच्या चारी बाजूंच्या चौकटरेषेलाही तेच नाव आहे. यांतल्या कोणत्याही रेषेला कृपा करून ‘नीट रेषा’ म्हणू नये, कारण सरांनी दाखवल्याप्रमाणे मराठीत तिचा अर्थ सरळ रेषा असा होईल आणि बोगद्याची कडा बहुधा सरळ नसते.

मूसभट्टी, विटा

मी मूळचा विट्याचा. खानापूर-आटपाडी भागातली असंख्य कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, त्यांपैकीच आमचे एक. गेली अनेक वर्षे मी दक्षिणेत जुने सोने गाळण्याचे काम करतो. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे अनेक अर्थ पेलणाऱ्या मराठी शब्दाला, माझ्याकडे उत्तर आहे असे मला वाटते. तो शब्द ‘चोख’.

आमच्या कामात हा शब्द रोज तोंडात असतो. जुन्या दागिन्यात तांबे आणि चांदी मिसळलेली असते. तो मुशीत वितळवून त्यात आणखी चांदी घालतात, साधारण एका भागाला तीन भाग, आणि मग तो पत्रा किंवा दाणे तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळून जाते आणि तळाशी उरते ती तपकिरी भुकटी. पाहणाऱ्याला ती मातीच वाटेल. ती पाण्याने धुऊन, टाकणखार टाकून पुन्हा वितळवली की पिवळे सोने डोळ्यांसमोर येते, आणि त्याला आम्ही चोख म्हणतो. जे मिसळले होते ते गेले आणि जे होते तेवढेच उरले, हा सरांनी सांगितलेला अर्थ मी भट्टीपुढे रोज पाहतो.

पण शब्द तिथेच थांबत नाही. हिशोब चोख असतो, बंदोबस्त चोख असतो, काम चोख असते, उत्तरही चोख देता येते. सफाई, भेसळ नसणे, अचूकपणा आणि कौशल्य हे चारही अर्थ एका शब्दात आले. संस्कृतात ‘चोक्ष’ म्हणजे शुद्ध, स्वच्छ. तिथून तो आपल्याकडे आला. दूरच्या गावी परक्या भाषेत धंदा करताना आम्ही आपसात अजूनही हाच शब्द वापरतो, आणि तो ऐकला की मला घरी आल्यासारखे वाटते.

माणदेश, आटपाडी

राहिलेल्या तेलाविषयी चार ओळी. ते तेल गाईबैलांच्या पायाच्या नळ्या आणि खालची हाडे उकळून काढतात, खुरांपासून नव्हे. अंगातली इतर चरबी थंडीत गोठते तसे ते गोठत नाही, म्हणून चामड्याला मऊपणा आणण्यासाठी त्याचा उपयोग होतो. ‘गाईबैलांच्या नळीचे तेल’ असे लिहावे आणि जवळ मूळ व्यापारी नाव देवनागरीत ठेवावे, म्हणजे दुकानात मागणाऱ्याची अडचण होणार नाही. काही वाचक हे नाव वाचून तेल वापरणार नाहीत. त्यांना ते कळणे हा त्यांचा हक्क आहे, म्हणून ‘पायाचे तेल’ असे मोघम लिहू नये.

गुरे या अर्थाचा हा जुना इंग्रजी शब्द ज्या मुळापासून आला, त्याचा अर्थ ‘उपयोगात आणणे, उपभोगणे’ असा आहे. म्हणजे गुरे ही आधी कामाची मालमत्ता होती. इंग्रजीतला गुरांसाठीचा आजचा नेहमीचा शब्द ‘कॅटल’ आणि पैशाचा ‘कॅपिटल’ हे दोन्हीही एकाच लॅटिन शब्दापासून झालेले आहेत. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार खोंडाची दावण पाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपणही ‘गोधन’ आणि ‘पशुधन’ म्हणतोच.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. सर, दासबोधातली ओवी मी लहानपणी पाठ केली होती, पण ‘काने नीट’ म्हणजे काने सरळ, हे आज प्रथमच उमगले. सहकाऱ्यांना ती ओवी पाठवली आहे.

मी आता पुढीलप्रमाणे ठरवले आहे. निविदेत ‘वाळूविरहित सिमेंटचा घोटीव थर’. तेलाला ‘गाईबैलांच्या नळीचे तेल’ आणि पुढे त्याचे व्यापारी नाव. मुलाच्या तोंडी ‘कसलं भारी!’. विट्याच्या दादांचा ‘चोख’ मला अतिशय आवडला आणि गोष्टीतल्या एका हुशार उत्तरासाठी तो मी वापरलाही. परंतु बाटलीवर तो घालण्याचे धैर्य झाले नाही. ‘चोख द्रावण लावू नये’ असे वाचून शेतकरी गोंधळेल. ‘निव्वळ’ही तिथे चालत नाही, कारण आज आपण तो ‘केवळ’ या अर्थी वाचतो, आणि ‘निव्वळ द्रावण लावू नये’ याचा अर्थ सोबत आणखी काही औषध लावावे, असा होईल. तेव्हा तिथे शब्दाला शब्द देण्याचा हट्ट सोडून ‘पाणी मिसळल्याशिवाय हे द्रावण जनावराच्या अंगावर लावू नये’ असे पूर्ण वाक्य लिहिले आहे. चार अक्षरांच्या जागी दोन शब्द गेले तरी हरकत नाही. अर्थ पोचणे महत्त्वाचे.

आता एकच शंका राहिली आहे. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘नीट, लेबल्ड डायग्रॅम’ काढायला सांगतात आणि मराठी माध्यमात त्यालाच ‘सुबक व नामनिर्देशित आकृती’ म्हणतात. हा ‘सुबक’ योग्य आहे का?

प्रयोगवही, मिरज

मी विज्ञान शिकवते, म्हणून या शंकेला उत्तर देते. आधी एक भर घालते. रसायनशास्त्रात द्रावक न मिसळलेल्या द्रवालाही ‘नीट’ म्हणतात; अवरक्त वर्णपट घेताना मिठाच्या दोन चकत्यांमध्ये असा शुद्ध द्रवाचा एक थेंब दाबून ठेवतात. मात्र वर्गात हा शब्द उच्चारला की सगळ्या मुलांच्या मनात वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ येते, जी २०१३ साली प्रथम झाली आणि जिचे नाव केवळ इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. म्हणून मी प्रयोगशाळेत ‘द्रावकाविना’ असेच म्हणते.

आता ‘सुबक’. या शब्दाने मुलांचे नुकसान होते असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. सुबक म्हणजे घाटदार, देखणे. त्यामुळे चांगली चित्रकला असलेली मुले हृदयाच्या आकृतीला छायाभेद देतात, तांबडा आणि निळा रंग भरतात, आणि वेळ संपतो. प्रश्नाला यांतले काहीच नको असते. पेन्सिलीची एकच अखंड रेघ असावी, गिरवलेली दुहेरी रेघ नसावी, नावे देणाऱ्या रेषा एकमेकींना छेदू नयेत आणि नावे शक्यतो एका बाजूला एकाखाली एक यावीत, इतकेच अपेक्षित असते. म्हणजे जे सांगायचे त्याहून जास्त काही कागदावर नको, हा वर सरांनी आणि विट्याच्या दादांनी सांगितलेलाच अर्थ तिथे आहे. छापील प्रश्नातला शब्द मला बदलता येत नाही, म्हणून दहावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर ‘सुबक म्हणजे स्पष्ट आणि मोजकी’ असे लिहिते आणि जूनपासून मार्चपर्यंत ते कोपऱ्यात तसेच ठेवते.